सकाळ-संध्याकाळची हजेरी

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४च्या पहाटे भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला त्याच दिवशी बाल न्याय मंडळाकडून जामीन मिळाला. त्या जामिनातली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट महाराष्ट्रात शाळकरी पोरांनासुद्धा तोंडपाठ झाली. लोक चिडले, आणि ते रास्तच होतं. पण त्याच आदेशात आणखी एक अट होती, तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. दारू सोडण्यासाठी डॉक्टरांकडून उपचार घ्यावेत, मानसोपचारतज्ज्ञांकडून समुपदेशन घ्यावं आणि तसा अहवाल द्यावा, असं त्यात म्हटलं होतं. पुढे तो आदेशही बदलला आणि प्रकरण वेगळ्या वाटेने गेलं. मला बोलायचं आहे ते त्या दुर्लक्षित अटीबद्दल. पिऊन गुन्हा केलेल्या माणसाला न्यायालयाने सांगितलं की यापुढे प्यायची नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ते पाळलं का, हे बघायला कोण जातं?

अशी अट घालण्याचा अधिकार आपल्या न्यायालयांना नवा नाही. १९५८च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या चौथ्या कलमात तो सरळ लिहिलेला आहे. गुन्हेगाराला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली सोडताना त्याच्याकडून बाँड घ्यायचा आणि त्यात राहण्याच्या ठिकाणाबद्दल, नशेपासून दूर राहण्याबद्दल अटी घालायच्या. म्हणजे कायद्याची तरतूद साठ वर्षांहून जुनी आहे. पोलीस ठाण्यात हजेरी लावण्याची अट तर जामिनावर सुटलेल्या कुणालाही विचारा. दर सोमवारी, दर रविवारी, तपास चालू आहे तोवर रोज, अशा हजेऱ्या लागतातच. वहीत सही, हवालदाराची नजर आणि घर. चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेणारी ‘चॅप्टर केस’ वस्तीत सगळ्यांना ठाऊक असते. बाँड आहे, हजेरी आहे, नशेपासून दूर राहण्याची अटही आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर काय होतं, हे बघायचं तर अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात जावं लागतं.

बेनेट काउंटी हा त्या राज्याच्या दक्षिण सीमेवरचा विरळ वस्तीचा मुलूख. गवताळ माळ, गुरांचे मोठमोठे वाडे, मार्टिन नावाचं छोटं मुख्य गाव. पश्चिमेला पाइन रिज आणि पूर्वेला रोझबड ही लाकोटा आदिवासींची राखीव क्षेत्रं. १९८०च्या दशकात तिथे लॅरी लाँग सरकारी वकील होते. एवढ्याशा गावात गुन्हेगारही ओळखीचे. आज ज्याने बायकोला मारलं, तोच गेल्या महिन्यात गाडी ठोकून आलेला, त्याआधी कुणाच्या तरी दुकानात घुसलेला. गुन्हा दर वेळी वेगळा, पण करताना माणूस प्यायलेला, हे मात्र ठरलेलं. जामीन देताना न्यायाधीश दर वेळी ‘दारू प्यायची नाही’ अशी अट घालत. ती पाळली गेली की नाही हे कुणालाच माहीत नसे, माणूस पुन्हा पकडला जाईपर्यंत. लाँग यांनी शेरीफला, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाला, आणि न्यायाधीशांना गळ घातली, की या लोकांना रोज दोनदा बोलवा, यंत्रात फुंकायला लावा, आणि प्यायलेला आढळला तर तिथल्या तिथे आत टाका. त्या छोट्या काउंटीत ही पद्धत चालली, पण बाहेर कुणी तिची दखल घेतली नाही.

पुढे लाँग राज्याचे महाधिवक्ता झाले. राज्याचे तुरुंग तेव्हा दारू पिऊन पुन्हा पुन्हा गाडी चालवणाऱ्यांनी भरत चालले होते. तिथे हा गुन्हा तिसऱ्यांदा घडला की गंभीर गुन्ह्यात मोडतो. लाँग यांनी आपली जुनी पद्धत बाहेर काढली. २००५मध्ये काही काउंट्यांत तिचा प्रयोग सुरू झाला आणि २००७मध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्याचं नाव ‘ट्वेंटी-फोर सेव्हन सोब्रायटी’, म्हणजे सातही दिवस चोवीस तास दारूशिवाय. सुरुवातीला रोख वारंवार पकडल्या जाणाऱ्या चालकांवर होता. नंतर घरगुती मारहाण आणि दारूतल्या इतर गुन्ह्यांतले लोकही त्यात आले.

पद्धत अगदी साधी आहे. सकाळी सातच्या सुमाराला एकदा आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला एकदा शेरीफच्या कचेरीत जायचं. रांगेत उभं राहायचं, नाव सांगायचं, एक डॉलर भरायचा आणि नळीत फुंकायचं. आकडा शून्य आला की कामावर जायला मोकळं. दारू आढळली तर लगेच कोठडी, बहुतेक वेळा एखाद दिवसाची. त्यासाठी तारीख पडत नाही, वकिलांची भाषणं होत नाहीत. दुसऱ्या दिवशी माणूस सुटतो आणि पुन्हा त्याच रांगेत येतो. आलाच नाही, तर त्याला शोधून आणतात. नाताळ असो, बर्फ असो, रविवार असो, रांग चुकत नाही. ज्यांचं घर कचेरीपासून फार लांब आहे, त्यांच्या घोट्याला एक पट्टा बांधतात. प्यायलेल्या दारूचा अगदी थोडा अंश घामावाटे कातडीतून बाहेर पडतो. तो हा पट्टा दर अर्ध्या तासाने टिपतो.

दिवसातून दोनदाच का, याचं उत्तर यकृतात आहे. साधारण माणसाच्या रक्तातली दारू तासाला शंभर मिलिलिटरमागे सुमारे १५ मिलिग्रॅम या वेगाने उतरते. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. संध्याकाळची फुंकणी आटपून कुणी एक नाइंटी घेतली, तर पहाटेपर्यंत तिचा मागमूस राहत नाही आणि सकाळचं यंत्र शून्यच दाखवतं. पण रात्री जेवणानंतर बसून अख्खी हाफ रिचवली, तर सकाळी सातला ती यंत्रात दिसणारच. म्हणजे आदेशात बंदी संपूर्ण असली, तरी श्वासाच्या तपासणीचं जाळं मोठ्या भोकांचं आहे. चोरून घेतलेला घोटभर सुटतो, घर डोक्यावर घेणारं पिणं अडकतं. मला हे उणं वाटत नाही. माणूस पूर्ण सोवळा झाला का, हे न्यायालयाला बघायचं नाही. त्याच्या पिण्याने रस्त्यावरच्या आणि घरातल्या माणसांचं काय होतं, एवढंच त्याला बघायचं आहे.

याचं फळ काय, ते रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी मोजलं. २००५ ते २०१० या काळात १७ हजारांहून जास्त माणसं या हजेरीतून गेली. श्वासाच्या सुमारे ३७ लाख तपासण्या ठरल्या होत्या, त्यांतल्या ९९ टक्क्यांहून अधिक वेळा माणूस वेळेवर आला आणि शुद्धीवर आला. ज्यांना लोक ‘सुधारणार नाहीत’ असं म्हणत, ती ही माणसं. ही पद्धत आलेल्या काउंट्यांमध्ये पिऊन गाडी चालवताना पुन्हा पकडलं जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी आणि घरगुती हिंसेतल्या अटकांचं प्रमाण ९ टक्क्यांनी उतरलं, असं बो किल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये मांडलं. हे आकडे सबंध काउंटीचे आहेत, फक्त रांगेतल्या लोकांचे नाहीत. तीन वर्षांनी ‘लॅन्सेट सायकायट्री’त आलेल्या अभ्यासात प्रौढांच्या मृत्यूंमध्येही चार टक्क्यांच्या आसपास घट दिसली.

यातल्या ९ टक्क्यांपाशी मी थांबलो. योजना मुख्यतः गाडीवाल्यांसाठी होती, आणि अटका घरातल्या मारहाणीच्याही उतरल्या. रस्त्यावर गाडी ठोकणारा आणि घरी बायकोवर हात उचलणारा पुष्कळदा एकच असतो. संध्याकाळी सातला शुद्धीवर राहणं भाग पडलं, की आठ वाजता त्याची बायकोही वाचते.

आपल्याकडे या बाईला काय मिळतं? तिची तक्रार अनेकदा एन.सी., म्हणजे अदखलपात्र, म्हणून लिहून घेतली जाते आणि नवऱ्याला दम देऊन घरी पाठवतात. तसं झालं नाही, तर कलमं लागतात, अटक होते, त्याची मजुरी बुडते आणि जामिनासाठी धावाधाव तिलाच करावी लागते. म्हणून ती तक्रार मागे घेते. पोलीस ठाण्यांना लागून महिलांसाठी समुपदेशनाची केंद्रं महाराष्ट्रात आहेत. त्यांची सुरुवात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४मध्ये मुंबई पोलिसांबरोबर केलेल्या विशेष कक्षातून झाली. अशा ठिकाणी काम करणाऱ्या कुणालाही विचारा, बाया काय मागतात. “त्याला आत नका टाकू, फक्त दारू सुटू दे.” प्रत्यक्षात कायद्याकडून तिच्या हाती बहुधा दोनच गोष्टी येतात, काहीच नाही किंवा तुरुंग. तिला हवं असलेलं तिसरं काहीतरी देण्याची ताकद त्या डॉलरच्या रांगेत आहे. या विषयाकडे मी ओढला गेलो तो याच कारणाने.

शिक्षा कडक असण्यापेक्षा ती लगेच आणि हमखास मिळणं जास्त परिणाम करतं, हे इटलीच्या चेझारे बेकारिया यांनी १७६४मध्येच लिहून ठेवलं. आपल्या काळात मार्क क्लायमन यांनी तेच अमेरिकी तुरुंगांच्या संदर्भात पुन्हा मांडलं. व्यसनी माणसाच्या बाबतीत तर ते जास्तच खरं आहे. त्याला आजची संध्याकाळ दिसते, पुढचं वर्ष दिसत नाही. आपला मोटार वाहन कायदा पहिल्या वेळी पिऊन गाडी चालवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही सांगतो, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. आकडे दणदणीत आहेत. पण ती शिक्षा कधी, कुठल्या तारखेला, याचा पत्ता नसतो. मुंबईत २००७पासून नाकाबंदीत फुंकायला लावायला सुरुवात झाली, तेव्हा रात्रीची मुंबई काही काळ तरी जपून गाडी चालवू लागली, कारण कलमातल्या आकड्यापेक्षा ‘आज नाक्यावर पकडतील’ ही धास्ती खरी होती. नशेत सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणाऱ्याला जुन्या दंडसंहितेत चोवीस तास साधी कैद किंवा दहा रुपये दंड होता. २०२४मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने दंड हजारावर नेला आणि समाजसेवेची शिक्षा जोडली. चांगलं केलं. पण समाजसेवा करून तो त्याच रात्री गुत्त्यावर गेला, तर ते कुणाला कळणार?

इथे कुणी म्हणेल, दारू हा आजार आहे आणि आजाऱ्याला कोठडी दाखवणं क्रूर आहे. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. १९६८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे टेक्सासमधल्या एका बूटपॉलिशवाल्याचा खटला आला होता. तो नेहमी रस्त्यावर प्यायलेला सापडे आणि त्याचं म्हणणं एवढंच की पिणं माझ्या हातात नाही. पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने त्याची शिक्षा कायम राहिली. साउथ डकोटाचे आकडे या वादात मधली जागा दाखवतात. अट्टल समजले गेलेले बहुसंख्य लोक, रोज विचारणारं कुणी असेल तर, थांबू शकतात. पण सगळे नाहीत. ज्याचं शरीर दारूवर चालू आहे, त्याची दारू एकदम तोडली तर हातपाय कापतात, झटके येतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, आणि उपचार नसतील तर माणूस दगावतो. अशाची दारू न्यायाधीशाच्या आदेशाने नव्हे, डॉक्टरच्या देखरेखीखाली बंद करायची असते. १९८६पासून पुण्यात चालू असलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत दाखल झाल्यावर पहिले दिवस शरीरातून दारू उतरवण्यासाठी असतात, ते यासाठीच. ब्रिटनने हे ओळखून आपल्या कायद्यात दारूवर शरीराने अवलंबून असलेल्यांना या बंदीतून वगळलं. आपल्याकडे असं काही आलं, तर आदेशाच्या आधी वैद्यकीय तपासणी हवीच. यात मी तडजोड मानणार नाही.

ब्रिटनची कथा शिकण्यासारखी आहे, कारण तिथे हाच प्रयत्न फसलाही आणि जमलाही. १९०२च्या कायद्याने अट्टल दारुड्यांच्या याद्या करून त्यांचे वर्णनासह फोटो पबवाल्यांना वाटले जात. बर्मिंगहॅममधल्या अशा यादीतले चेहरे आजही बघायला मिळतात. थकलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या बायका त्यांत दिसतात. २००९मध्ये ‘ड्रिंकिंग बॅनिंग ऑर्डर’ आली. दोन महिने ते दोन वर्षं अमुक ठिकाणी दारू घ्यायची नाही, विकत आणायची नाही, अशा मनाया. श्वास कुणी तपासत नव्हतं, ओळखून हटकायचं काम पोलिसाचं आणि दुकानदाराचं. पाच वर्षांत ती कायद्यातूनच गेली. २०१२च्या कायद्याने मात्र घोट्यावरच्या पट्ट्याची वाट उघडली. २०१४मध्ये दक्षिण लंडनमध्ये तिचा प्रयोग झाला, २०२०च्या ऑक्टोबरात ती वेल्समध्ये आणि २०२१च्या मार्चअखेर इंग्लंडभर आली. बंदी जास्तीत जास्त १२० दिवसांची. बाजारात बोभाटा नाही, फोटो नाहीत, पायजम्याखाली झाकला जाईल असा पट्टा आहे आणि तो दर अर्ध्या तासाला तपासतो.

या हत्याराला दुसरी धारही आहे. अमेरिकेतल्याच व्हर्जिनियात न्यायालय एखाद्याला ‘अट्टल दारुडा’ ठरवू शकत असे. मग त्या माणसाजवळ नुसती बाटली सापडली तरी वर्षापर्यंत कैद. प्रत्यक्षात सापडायचे ते बेघर, कारण पिण्यासाठी त्यांच्याकडे घराची भिंत नव्हती. रिचमंड आणि रोआनोकमधल्या अशा काही जणांनी दाद मागितली आणि २०१९मध्ये संघीय अपील न्यायालयाने हे ‘अट्टल दारुडा’ प्रकरण घटनाबाह्य ठरण्याइतकं मोघम असल्याचं मान्य केलं. इथे बंदी होती, पण उपचार नव्हते, रोजची साधी तपासणी नव्हती आणि सुटण्याची तारीखही नव्हती. साउथ डकोटातही रोजचे दोन डॉलर गरिबाला जड जातात, आणि त्या राज्याच्या तुरुंगांत आदिवासींचा भरणा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त आहे. ही बोच घेऊनच पुढे बोललं पाहिजे.

त्याच मुलखातलं एक गाव इथल्या वाचकाला लगेच समजेल. पाइन रिज राखीव क्षेत्रात दारूबंदी आहे. त्याच्या वेशीला लागून, पण नेब्रास्का राज्याच्या हद्दीत, व्हाइटक्ले नावाचं जेमतेम डझनभर माणसांचं गाव. त्यात बियरची चार दुकानं होती, आणि त्यांचा खप वर्षाला लाखो कॅनांचा. बंदी रेषेच्या अलीकडे, दारू पलीकडे, आणि मधल्या रस्त्याच्या कडेला पडलेली माणसं. अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर २०१७मध्ये त्या दुकानांचे परवाने गेले. आपल्याकडे गडचिरोलीत १९९३मध्ये लोकांच्या चळवळीतून दारूबंदी झाली. चंद्रपुरात २०१५मध्ये झाली आणि २०२१मध्ये उठली. वर्ध्यात ती सत्तरच्या दशकापासून आहे. शेजारच्या जिल्ह्यातून येणारी दारू, पोलिसांनी पकडलेल्या पेट्या, रस्त्यावर फिरवलेला रोडरोलर, हे सगळं या जिल्ह्यांनी पाहिलं आहे. दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून उन्हात रांगा लावून ‘आडव्या बाटली’ला मतदान करणाऱ्या बायांबद्दल मला आदर आहे. गावात दुकान असावं की नसावं, हे ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे. पण दुकान हटलं तरी नवरा सीमेपलीकडे जाऊन पिऊन येतो, तेव्हा तिच्या हातात काही उरत नाही. बाटलीवरची बंदी माणसाच्या मागे जात नाही. माणसावरची बंदी त्याच्याबरोबर सीमेपार जाते आणि सकाळी सातला त्याच्याबरोबर परत येते.

मग आपल्याकडे कुठून सुरुवात करावी? एखाद्या तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्याने, घरगुती मारहाणीच्या आणि दुसऱ्यांदा पिऊन गाडी चालवण्याच्या खटल्यांपुरती, तीन महिन्यांसाठी. नशेपासून दूर राहण्याची अट घालायला परिवीक्षा अधिनियमाचं कलम चार पुरेसं आहे. श्वास तपासण्याची यंत्रं वाहतूक पोलिसांकडे आहेत. अडचण माणसांची आहे. परिवीक्षा अधिकारी जिल्ह्याला मोजकेच असतात, महिला व बालविकास खात्याच्या इतर कामांत बुडालेले, आणि ठाण्यातला हवालदार गणपती, निवडणूक आणि मोर्चे यांच्या बंदोबस्ताला पळत असतो. दोनदा फुंकायला लावायचं आणि तिसऱ्यांदा ‘आज साहेब बंदोबस्ताला आहेत, उद्या या’ म्हणायचं, असं झालं तर सगळी योजना त्या दिवशी संपली. म्हणून हे काम ठाण्याच्या रोजच्या धबडग्यात न मिसळता त्याला वेगळी खिडकी, वेगळी वही आणि वेगळी दोन माणसं हवीत. चुकलेल्याला लगेच कोठडीत टाकायचं तर न्यायालयाच्या आदेशातच तशी स्पष्ट, थोड्या तासांची तरतूद आणि त्याच दिवशी न्यायाधीशापुढे उभं करण्याची सोय हवी. नाहीतर पोलिसांच्या हातात दमदाटीचं आणि पैसे उकळण्याचं आयतं साधन जाईल. यंत्रातला आकडा कागदावर छापला जावा आणि त्याची प्रत त्या माणसाच्या हातात मिळावी. आदेशाची माहिती त्याच्या बायकोलाही द्यावी, म्हणजे आज त्याने फुंकलं की नाही, हे तिला फोनवर विचारता येईल.

आणि तपासणीचे पैसे सरकारने भरावेत. डॉलरचं अनुकरण इथे नको. नाक्यावरचा मजूर सकाळी सातला नाक्यावर उभा नसेल तर त्याचा दिवस बुडतो, म्हणून खिडकी सहाला उघडावी लागेल. ऊसतोड कामगार ऑक्टोबरनंतर बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे जातात, तेव्हा त्यांची हजेरी त्या कारखान्याच्या हद्दीतल्या ठाण्यात वर्ग करण्याची सोय लागेल. नाहीतर आदेश बीडमध्ये राहील, नवरा-बायकोचा कोयता फडात पडेल आणि कारखान्याच्या गेटबाहेरचा गुत्ता संध्याकाळी उघडाच असेल.